खिशातील यंत्र आणि हौशी माणसे

हौसेला मोल नाही, असे मराठीत म्हणतात. या म्हणीत थोडे कौतुक आहे, तशी थोडी थट्टाही आहे. ज्या वस्तूवाचून काही अडत नाही, तिच्यासाठी एखादा माणूस पैसा, वेळ आणि झोप खर्च करू लागला म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी ही म्हण उच्चारतात आणि मान हलवून गप्प बसतात. नव्या यंत्रांची हौस तर विशेषच थट्टेचा विषय. जुना फोन धडधाकट असताना नवा घेणारा, आणि तो घेतल्यावर भेटेल त्याला त्यातील करामती दाखवीत सुटणारा माणूस प्रत्येक कुटुंबात एखादा तरी असतोच.

परंतु यंत्रांचा इतिहास चाळून पाहिला तर या हौशी माणसाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. पुष्कळशी यंत्रे कारखान्यात अर्धीच जन्माला आली, आणि त्यांचा उरलेला अर्धा जन्म अशा हौशी माणसांच्या हातात झाला, असे त्या इतिहासात दिसते. आज कोट्यवधी लोकांच्या खिशात असलेला स्मार्टफोन आणि त्यावरील अ‍ॅप नावाच्या छोट्या आज्ञावल्या, हे त्याचे अगदी जवळचे उदाहरण होय.

हे नाते स्मार्टफोनपासून सुरू झाले असे मात्र नाही. भारतातील नभोवाणीची सुरुवात सरकारने केली नाही, की कोणा व्यापारी कंपनीनेही केली नाही. ती हौशी मंडळांनी केली. मुंबईतील रेडिओ क्लबने जून 1923 मध्ये ध्वनिक्षेपण केले, त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याचा क्लब पुढे आला, आणि 31 जुलै 1924 रोजी मद्रासच्या क्लबचे कार्यक्रम सुरू झाले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू होण्यास 23 जुलै 1927 हा दिवस उजाडावा लागला. तोपर्यंतची चार वर्षे हवेतून येणारा आवाज हा प्रामुख्याने हौशी लोकांचा खेळ होता. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळायची, गॅलीना नावाच्या खनिजाच्या खड्यावर बारीक तारेचे टोक हळूच टेकवायचे, आणि कानाला श्रवणयंत्र लावून नेमकी जागा सापडेपर्यंत ते टोक इकडे-तिकडे सरकवीत राहायचे. अशा ग्राहकाला विजेची गरज नसे. चिकाटीची मात्र असे. पुढे रेडिओ हे दिवाणखान्यात मांडण्याचे सुबक लाकडी कपाट झाले. मागची फळी स्क्रूने बंद झाली आणि पुढे दोन-तीन बटणे राहिली. हौशी माणसाचा श्रोता झाला. यात समाजाचा लाभच झाला, कारण तार गुंडाळता न येणाऱ्या लक्षावधी लोकांना गाणे ऐकू आले. परंतु काहीतरी हातातून सुटले हेही खरे.

पन्नास वर्षांनी हीच कथा अमेरिकेत संगणकाच्या बाबतीत घडली. 1975 च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर 8800 नावाचा संगणक झळकला. सुट्या भागांच्या रूपाने तो टपालाने येई, आणि घेणाऱ्याने डाख देऊन तो स्वतः जुळवायचा असे. त्याला कळफलक नव्हता की पडदा नव्हता. समोर फक्त खटके आणि लुकलुकणारे दिवे. व्यवहारात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. तरीही त्याच्यावर उड्या पडल्या. 5 मार्च 1975 रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका घराच्या मोटारखान्यात तीसेक माणसे जमली आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ स्थापन झाला. स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक हा तरुण अभियंता तेथे येत असे. स्वतः बनविलेल्या संगणकाचे आराखडे तो मित्रांना फुकट वाटी. त्या आराखड्यांतूनच 1976 मध्ये अ‍ॅपल कंपनीचा पहिला संगणक विक्रीस आला.

पुढच्याच वर्षी आलेल्या अ‍ॅपल-2 च्या वेळचा एक वाद प्रसिद्ध आहे. संगणकाच्या पोटात वरून नवी उपकरणे जोडण्यासाठी किती खाचा ठेवाव्यात, असा प्रश्न होता. वॉझनिअ‍ॅकचा भागीदार स्टीव्ह जॉब्ज म्हणे, दोन पुरेत. एक छपाईयंत्रासाठी आणि एक दूरध्वनीच्या जोडणीसाठी. वॉझनिअ‍ॅकने आठांचा आग्रह धरला. लोक त्या खाचांत काय जोडतील हे त्यालाही सांगता येत नव्हते. पण लोकांना काहीतरी सुचेल, असा त्याचा विश्वास होता. अखेर आठ खाचा राहिल्या. 1979 मध्ये डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी त्या संगणकासाठी व्हिजिकॅल्क ही हिशेबाच्या तक्त्याची आज्ञावली तयार केली. ती पाहून दुकानदार आणि हिशेबनीस संगणक विकत घेऊ लागले, आणि खेळणे समजले जाणारे यंत्र कचेरीत जाऊन बसले. त्याला कचेरीची वाट दाखविणारी ही आज्ञावली कंपनीबाहेरच्या दोघांच्या कल्पनेतून आली होती.

जॉब्ज यांना तो वाद विसरता आला नसावा. 1984 मध्ये त्यांच्या देखरेखीखाली मॅकिंटॉश संगणक निघाला, तेव्हा त्यात एकही खाच नव्हती, आणि त्याचे कवच उघडण्यास खास प्रकारचे हत्यार लागे. एका बाजूला संपूर्ण, सुबक, बंद वस्तू आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट, ओबडधोबड पण उघडी वस्तू, हा झगडा तेव्हापासून चालू आहे. स्मार्टफोनच्या जन्माच्या वेळी तो पुन्हा उभा राहिला.

खिशात मावणाऱ्या संगणकाची कल्पना जुनी होती. अ‍ॅलन के यांनी 1972 मध्येच डायनाबुक या वहीएवढ्या संगणकाचे चित्र रंगविले होते. मुलांनी तो वापरावा आणि त्यासाठी स्वतः आज्ञावल्या लिहाव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. आय. बी. एम. ने तयार केलेला सायमन हा फोन 1994 च्या ऑगस्टमध्ये विक्रीस आला. त्यावर बोटाने स्पर्श करून पत्ते, दिनदर्शिका आणि टिपणे पाहता येत. पण त्याचे वजन अर्धा किलोच्या घरात होते, आणि तासभर बोलले की त्याची विद्युत्‌घटमाला मान टाकी. त्यानंतर दोन वर्षांनी जेफ हॉकिन्स यांचे पाम पायलट हे टिपणयंत्र आले. ते तयार करण्यापूर्वी हॉकिन्स खिशात त्याच आकाराचा एक लाकडी ठोकळा घेऊन हिंडत. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढीत आणि त्यावर काडीने लिहिण्याचा अभिनय करीत. यंत्र नसतानाच त्याची हौस पुरवून घेणारा हा संशोधक! त्याच्या यंत्रासाठी बाहेरच्या हौशी लोकांनी पुढे हजारो छोट्या आज्ञावल्या लिहिल्या.

9 जानेवारी 2007 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील मॉस्कोनी सेंटरमध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखविला. 29 जूनच्या सायंकाळी सहा वाजता अमेरिकेत त्याची विक्री सुरू व्हायची होती. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील दुकानापुढे त्या आठवड्याच्या सोमवारपासूनच माणसे पथाऱ्या पसरून बसली. कॅलिफोर्नियात सांता क्लारा येथील रांगेत दोन चाकांच्या विजेच्या गाडीवरून एक स्थूल, दाढीवाला गृहस्थ पहाटे दाखल झाला. तो स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक होता. ज्या कंपनीचा तो संस्थापक, तिचा फोन त्याला मागितला असता घरपोच मिळाला असता. परंतु रांगेत उभे राहण्याची मौज घरपोच मिळत नाही, हे तो जाणून होता.

त्या फोनची किंमत 499 आणि 599 डॉलर होती. दोनच महिन्यांनी, 5 सप्टेंबरला, 599 डॉलरचा फोन 399 वर आला. रांगेत रात्र काढणाऱ्यांची हौस अशी एका दिवसात दोनशे डॉलरांनी महाग पडली. त्यांनी एवढा गिल्ला केला की दुसऱ्याच दिवशी जॉब्ज यांना जाहीर पत्र लिहून त्यांना शंभर डॉलरची सवलत देऊ करावी लागली. अल्पावधीतच दहा लाख फोन खपले.

त्या पहिल्या आयफोनच्या पडद्यावर सोळा चित्रे होती. फोन, पत्रे, नकाशे, छायाचित्रे, हवामान, घड्याळ आणि अशीच आणखी काही. सतरावे चित्र बसविण्याची सोय नव्हती. बाहेरच्या कोणालाही त्या यंत्रासाठी आज्ञावली लिहिण्यास मज्जाव होता. फार तर संकेतस्थळे तयार करावीत आणि ती फोनवर पाहावीत, असे सांगण्यात आले. यामागचे कारण अगदीच पोकळ नव्हते. फोन हा संकटकाळी उपयोगी पडला पाहिजे. कोणाच्या तरी सदोष आज्ञावलीमुळे तो बंद पडला, किंवा दूरध्वनीचे सारे जाळेच कोलमडले तर काय, अशी जॉब्ज यांची भूमिका होती. थोडक्यात, मॅकिंटॉशचे बंद कवच आता खिशात आले होते.

हौशी माणसाला बंद पेटी दिसली की तिच्यात काय आहे हे पाहिल्यावाचून चैन पडत नाही. विक्री सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच जगाच्या निरनिराळ्या भागांतील, एकमेकांना कधी न भेटलेल्या तरुणांनी त्या फोनच्या आतल्या कप्प्यांचा मार्ग शोधून काढला. बाहेरचा माणूस फोनच्या ज्या मर्यादित भागात अडकवून ठेवलेला होता, त्याला संगणकाच्या परिभाषेत ‘तुरुंग’ म्हणत. म्हणून या कृतीला ‘जेलब्रेक’, म्हणजे तुरुंगफोडी, हे नाव पडले. ऑगस्ट 2007 मध्ये न्यू जर्सीतील जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने आणखी एक कुलूप काढले. अमेरिकेत तो फोन एकाच दूरध्वनी कंपनीच्या जाळ्यावर चाले. हॉट्झने त्याचे कवच उघडले, आत डाख दिला, आणि तो अन्य कंपन्यांच्या जाळ्यांवर चालवून दाखविला. त्या एका फोनच्या बदल्यात त्याला एक मोटार आणि तीन नवे आयफोन मिळाले.

हे सारे चोरीच्या बुद्धीने चालले होते असे समजणे चुकीचे ठरेल. ऑक्टोबर 2007 मध्ये निघालेल्या एका संकेतस्थळावर फोनची तुरुंगफोडी एका स्पर्शासरशी होत असे. चित्रे दाखविणाऱ्या आज्ञावलीत राहिलेल्या एका दोषाचा त्यासाठी उपयोग करून घेतलेला होता. पण काम संपताच ते संकेतस्थळ तो दोषही दुरुस्त करून टाकी, म्हणजे त्याच फटीतून कोणी वाईट हेतूने आत शिरू नये. घरात शिरून खिडकीची मोडकी कडी बसवून जाणारा असा पाहुणा विरळाच.

कंपनीने या हौशी मंडळींना प्रथम दटावून पाहिले. सप्टेंबरअखेर फोनसाठी जी नवी सुधारणा धाडण्यात आली, तिच्यामुळे कुलूप काढलेले अनेक फोन निकामी झाले. ‘फोनची वीट झाली’ हा वाक्प्रचार त्या दिवसांत सर्वतोमुखी झाला. परंतु तोवर त्या चोरवाटेने शेकडो लोकांनी आज्ञावल्या लिहिल्या होत्या, खेळ खेळले होते, टिपणवह्या बनविल्या होत्या. सतराव्या चित्राला किती मागणी आहे, हे उघड झाले होते. 17 ऑक्टोबर 2007 रोजी जॉब्ज यांनी जाहीर केले की बाहेरच्या लोकांनाही आयफोनसाठी आज्ञावल्या लिहिण्याची साधने दिली जातील. 10 जुलै 2008 रोजी ‘अ‍ॅप स्टोअर’ उघडले. त्यात पाचशे आज्ञावल्या होत्या, आणि पहिल्या तीन-चार दिवसांतच लोकांनी एक कोट वेळा त्या उतरवून घेतल्या. एप्रिल 2009 पर्यंत हा आकडा शंभर कोटींवर गेला. हा निर्णय केवळ तुरुंगफोडीमुळे झाला असे म्हणता येणार नाही. कंपनीच्या आतूनही त्याचा आग्रह होता. पण कंपनीने जो दरवाजा बांधला, त्याची जागा हौशी लोकांनी भिंतीला भोक पाडून आधी दाखवून दिली होती, हे निश्चित.

त्या पहिल्या वर्षातील अ‍ॅप म्हणजे एक जत्राच होती. तिच्यात उपयोगी वस्तू होत्या, तसे बाहुल्यांचे खेळही होते. एकाने फोनच्या पडद्यावर बिअरचा पेला फेसाळता दाखविला. फोन तोंडाशी नेऊन तिरका केला की पेला रिकामा होई. ऑगस्ट 2008 मध्ये ‘आय अ‍ॅम रिच’, म्हणजे ‘मी श्रीमंत आहे’, या नावाचे अ‍ॅप 999.99 डॉलरला विक्रीस आले. ते घेणाऱ्याच्या पडद्यावर एक लाल रत्न चमके; त्याखेरीज ते काही करीत नसे. कंपनीने ते लगोलग काढून टाकले, पण तेवढ्यात आठ जणांनी ते घेतलेही होते. ‘हौसेला मोल नाही’ या म्हणीला इतके चोख उदाहरण शोधून सापडणार नाही. याच जत्रेत त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘ओकारिना’ आले. स्टॅनफर्डमध्ये संगीत आणि संगणक शिकविणारे गे वांग यांनी ते रचले होते. बोलण्यासाठी असलेल्या ध्वनिग्राहकावर फुंकर घालायची, पडद्यावरील चार वर्तुळांवर बोटे ठेवायची, आणि फोनची बासरी व्हायची. शिवाय पृथ्वीच्या गोलावर कोठे कोण वाजवीत आहे, तेही ऐकता येई. ध्वनिग्राहक बसविणाऱ्या अभियंत्यांच्या मनात बासरी नव्हती. आठ खाचांचा आग्रह धरणाऱ्या वॉझनिअ‍ॅकने तीस वर्षांपूर्वी जे ओळखले होते, त्याचा हा पुन्हा प्रत्यय होता.

त्याच वर्षी 22 ऑक्टोबरला अमेरिकेत अँड्रॉइड प्रणालीवरील पहिला फोन विकला जाऊ लागला. त्या प्रणालीचा मूळ पाठ कोणालाही वाचण्यास खुला होता, आणि मालकाला वाटल्यास दुकानाबाहेरून आणलेली आज्ञावलीही त्यावर बसविता येई. स्टीव्ह कोंडिक यांनी 2009 मध्ये सुरू केलेली सायनोजेनमॉड ही हौशी लोकांची सुधारित प्रणाली याच मोकळेपणातून वाढली. कंपन्यांनी ज्यांच्याकडे पाठ फिरविली होती असे कितीतरी जुने फोन तिच्यामुळे आणखी काही वर्षे कामाला आले.

भारतात आयफोन 22 ऑगस्ट 2008 रोजी आला. त्याची किंमत 31,000 रुपयांपासून सुरू होत होती, म्हणून तो मोजक्यांच्याच खिशात गेला. बहुसंख्य लोकांजवळ साधे, बटणांचे फोन होते. त्यांवर देवनागरी वाचू इच्छिणाऱ्यांची वेगळीच अडचण होती. मराठीतील ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार डोक्यावर चढतो, जोडाक्षरात अर्धी अक्षरे एकमेकांत मिसळतात. हे जमविण्याची विद्या अनेक फोनांना शिकविलेलीच नव्हती. मराठी मजकूर उघडला की अक्षरांऐवजी रिकामे चौकोन रांगेने उभे राहत. अशा वेळी नॉर्वेतील एका कंपनीच्या ‘ओपेरा मिनी’ या आज्ञावलीतील एक आडबाजूची सोय हौशी वाचकांच्या हाती लागली. पत्त्याच्या जागी ‘ओपेरा कॉन्फिग’ अशी सूचना लिहायची आणि उघडणाऱ्या यादीच्या तळाशी ‘नाही’च्या जागी ‘होय’ करायचे. तसे केले की दूरचा संगणक मराठी अक्षरांची चित्रे काढून पाठवी, आणि दोन-तीन हजारांच्या फोनवरही शुद्ध मराठी दिसू लागे. ही युक्ती भारतीय भाषांच्या वाचकांत एकाकडून दुसऱ्याकडे गेली. दिल्ली, बडोदे किंवा बंगळूर येथे राहणाऱ्या, मराठी वर्तमानपत्र सहज न मिळणाऱ्या माणसाला तिचे किती मोल वाटले असेल, हे वेगळे सांगावयास नको. पुढे फोनच देवनागरी जाणू लागले, आणि ती युक्ती विस्मृतीत गेली. हौशी माणसाच्या कामगिरीचे बहुधा असेच होते. ती सर्वांची झाली की कोणाचीच राहत नाही.

येथपर्यंतचा इतिहास आनंदाचा आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अ‍ॅप स्टोअरचा दरवाजा उघडला, तसा त्यावर द्वारपालही बसला. कोणते अ‍ॅप आत घ्यावे हे कंपनी ठरवू लागली, आणि विकल्या जाणाऱ्या अ‍ॅपच्या किमतीतील तीस टक्के हिस्सा स्वतः घेऊ लागली. या पहाऱ्यामुळे सामान्य माणसाचे संरक्षण होते, ही गोष्ट नाकारता येत नाही. ज्या आजीला केवळ नातवाचा चेहरा पाहायचा आहे, तिला यंत्राची कुलपे कशी निघतात याच्याशी काय कर्तव्य? तिच्या दृष्टीने फोन बंदच असलेला बरा, कारण लुच्च्या माणसांनाही उघड्या दाराचा उपयोग होतो. तथापि, विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि आपल्या मनाजोगती चालविण्याचा अधिकार मालकाला आहे की नाही, हा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. अमेरिकेत जुलै 2010 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने फोनची तुरुंगफोडी कायद्याच्या बंदीतून वगळली. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे मार्च 2024 पासून तेथील आयफोनधारकांना कंपनीच्या दुकानाखेरीज अन्य दुकानांतूनही अ‍ॅप घेता येऊ लागले. 2007 च्या उन्हाळ्यात काही मुलांनी रात्री जागून विचारलेला प्रश्न असा कायदेमंडळांपर्यंत पोहोचला.

हौशी माणसात आणि गिऱ्हाइकात फरक आहे तो येथेच. गिऱ्हाईक नव्या फोनची वाट पाहते, तो घेते, आणि पुढल्या वर्षी त्याहून नव्याची वाट पाहू लागते. हौशी माणूसही रांगेत उभा राहतो, किंबहुना तो सर्वांच्या पुढे असतो. परंतु फोन हाती आल्यावर त्याचा खरा उद्योग सुरू होतो. हे यंत्र आणखी काय करू शकेल, असे तो विचारतो. आरंभी दोघांचा उत्साह सारखाच दिसतो, म्हणून लोक दोघांनाही एकाच म्हणीने मोजतात. जाहिरात करणाऱ्यांना तर ही गल्लत सोयीचीच असते. हौसेचे रूपांतर खरेदीत झाले की त्यांचे काम झाले.

रेडिओची मागची फळी बंद झाली त्याला आता शंभर वर्षे होत आली, तरी तार गुंडाळणारी मुले नाहीशी झाली नाहीत. ती पुढे संगणकाकडे वळली आणि तेथून फोनकडे आली. त्यांना फार काही लागत नाही. यंत्र पुष्कळांसाठी सोपे आणि सुरक्षित असावे, आणि थोड्यांसाठी त्याला एखादी उघडी खाच असावी, एवढे पुरते. त्या खाचेत ती काय जोडतील हे यंत्र करणाऱ्याला आधी सांगता येणार नाही. घरातील एखादे मूल नवा फोन हाती घेऊन तासन्‌तास त्याच्या आडबाजूच्या याद्या चाळीत बसलेले दिसले, तर त्याच्या हातून तो काढून घेण्यापूर्वी ते पाहते आहे की शोधते आहे, एवढे तरी विचारावे.